येथे कपडा आटत नाही

आमच्या दुकानाच्या पाटीवर ‘वॉशिंग कंपनी’ असे शब्द होते. कंपनीत माणसे दोन. एक माझे वडील, ज्यांना घरचे आणि अर्धे गिरगाव आबा म्हणत. दुसरी माझी आई, जिला गिरगाव वहिनी म्हणे. पाटीच्या खालच्या ओळीत जरा लहान अक्षरांत ‘येथे कपडा आटत नाही’ असे रंगवलेले होते. ती ओळ आईने घालायला लावली. आबांचा विरोध होता. खरे असले तरी आपणच कशाला सांगायचे, असे त्यांचे म्हणणे. आई म्हणाली, “तुम्ही सांगणार नाही. मी रस्त्यात उभी राहून ओरडणार नाही. मग कोणी सांगायचं? पाटीनंच ना?”

आई-वडिलांविषयी लिहिताना माणसे हळवी होतात. मला ते जमत नाही, आणि त्या दोघांनाही ते रुचले नसते. पाहिले तेवढे लिहितो.

दुकान चाळीच्या तळमजल्यावर होते. पुढे फळी, तिच्यामागे आबांचे इस्त्रीचे टेबल. आतल्या दारापलीकडे एक अरुंद बोळ आणि मोरी. मोरीवर आईचे राज्य होते. सुती कपडे धोब्यांच्या हाती घाटावर जात. रेशीम आणि लोकर मात्र आमच्या दुकानातून घाटावर कधी गेली नाही. ती आई स्वतः धुवी. रिठ्याचे कोमट पाणी कोपर बुडवून पाहायचे, तान्ह्या मुलाच्या अंघोळीचे पाहतात तसे, आणि मगच कपडा पाण्यात सोडायचा. शालू, पैठण्या, सोवळ्याचे रेशमी मुकटे, वकिलांचे गरम सूट तिच्या हाताखालून जात. माझे आजोबा जन्मभर घाटावर धुणे आपटत आले, पण रेशमाला हात लावण्याची त्यांची छाती झाली नाही. आई मालवणकडून लग्न होऊन आली. ही विद्या तिने कोठून उचलली, हे तिने कधी सांगितले नाही. कोणी विचारलेच तर म्हणे, “हाताला कळतं.”

आबा देहाने दांडगे होते. आतल्या दारातून जाताना ते तिरके होत. कोळशाची जड इस्त्री त्यांच्या हातात खेळण्यासारखी दिसे. इस्त्री करताना ते बोलत नसत, आणि इतर वेळीही फारसे बोलत नसत. दुकानात दोघेही एकमेकांना मालक म्हणत. गिऱ्हाइकाने काही सवलत मागितली की आबा इस्त्रीवरून मान न उचलता आतल्या दाराकडे बोट करीत. “मालकांना विचारा.” गिऱ्हाईक आत डोकावे. आई हात पुसत म्हणे, “मी काय सांगणार? मालक बाहेर उभे आहेत.” दोन फेऱ्यांनंतर गिऱ्हाईक आपणहून मूळ दरावर येई. हे त्यांनी ठरवून केले असावे असे मला पुष्कळ वर्षे वाटे. एकदा आईला विचारले. ती म्हणाली, “ठरवायला बोलावं लागतं. हे कुठे बोलतात?”

कपड्यांवर खुणा घालण्याचे काम आईचे. इतर लॉन्ड्रीवाले काळ्या शाईने अक्षरे लिहीत. शाई पसरते म्हणून आईला ती पसंत नव्हती. ती लाल दोऱ्याने, कॉलरच्या आतल्या बाजूला, करंगळीच्या नखाएवढे चित्र काढी. प्रत्येक गिऱ्हाइकाचे चित्र वेगळे आणि ते त्याच्या स्वभावावरून ठरलेले. ठाकूरद्वारच्या एका पेन्शनर गृहस्थांच्या वाट्याला कुलूप आले होते. एके दिवशी चष्मा लावून त्यांनी ते पाहिले व ते रागाने फळीवर आले.

“वहिनी, हे कुलूप कशासाठी?”

“तुमच्या पोटातली गोष्ट बाहेर जात नाही, भाऊ. अशी माणसं आता राहिली कुठे?”

गृहस्थ प्रसन्न होऊन गेले. ते दिसेनासे झाल्यावर आबा म्हणाले, “खरं काय ते सांगायचं. कनवटीचा पैसा सुटत नाही, म्हणून कुलूप.”

“मग आज धोतरं घेऊन परत गेले असते.”

“जाऊ दे ना.”

आबांचा हा विकार जुना होता. त्यांना खोटे बोलता येत नसे. हे मी गुण म्हणून सांगत नाही. एखाद्याला पोहता येत नाही, तसेच ते होते. समोरच्या गल्लीत एक नामांकित वकील राहत. त्यांचा काळा कोट इस्त्री करताना आबांच्या हातून पाठीवर भाजला. डाग लहान होता. वकिलांना तो कधी दिसलाच नसता, कारण स्वतःची पाठ वकिलालाही दिसत नाही. आबांनी इस्त्री खाली ठेवली, कोट उचलला आणि वकील जेवायला बसले असताना त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले.

“तुमचा कोट मी जाळला. उद्या कोर्टात काय घालणार, ते सांगा.”

वकिलांनी हातातला घास ताटात ठेवला. पुढे काय झाले ते वकीलच रंगवून सांगत. दुसऱ्याचा कोट घालून उभे राहिलो आणि नेमका तोच खटला जिंकलो, असे म्हणत. आईचे मत एवढेच, “हरिश्चंद्रानं राज्य घालवलं. आमच्या ह्यांना राज्य नाही, म्हणून गिऱ्हाइकं घालवतात.” वकील मात्र गेले नाहीत. उलट आणखी दोन सूट घेऊन आले.

ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षे होती. सकाळी प्रभातफेरी, संध्याकाळी सभा, मधूनच हरताळ, मधूनच संचारबंदी. मी फोर्टमध्ये एका कचेरीत नोकरीला लागलो होतो. दुकानाशी माझा संबंध उरला होता तो आल्या-गेल्याचा. दुकानात दोन्ही पक्षांची खादी येई. ज्यांच्या नावाने सकाळी घोषणा होत, त्यांची धोतरे आणि घोषणा देणाऱ्यांचे सदरे एकाच दांडीवर शेजारी शेजारी लटकत. कोणी चेष्टा केली तर आई म्हणे, “भांडण रस्त्यावर. दांडीवर सगळ्यांना खळ सारखीच.” आबा कोणत्या बाजूचे, हे सांगावे लागत नसे. हरताळाच्या दिवशी ते फळ्या लावीत आणि दुकानापुढे खुर्ची टाकून हाताची घडी घालून बसत. विझलेली इस्त्री शेजारी ठेवलेली असे.

समोरच्या चाळीत मनोहर नावाचा मुलगा राहत होता. मुलगा म्हणतो, पण नुकताच शाळेत मास्तर म्हणून लागला होता. वडील नव्हते. आई आणि दोन धाकट्या बहिणी. त्याची नोकरी अजून कायम व्हायची होती आणि चार माणसांची चूल त्या एका पगारावर पेटत होती. अंगाने वेळूची काठी. सभा असो, मोर्चा असो, हा असायचाच. घरी सापडला तर नवल. म्हणून त्याच्या सदऱ्यांवर आईने पतंग काढला होता.

एके दिवशी आमच्या भागात लाठीमार झाला. अश्रुधूर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे शांत होते, पण कचेऱ्या बंद होत्या, म्हणून मी दुकानात बसलो होतो. वकील सूट न्यायला आले होते. एक बाई पैठणी घेऊन आल्या होत्या आणि डाग कसला आहे ते आईला समजावून सांगत होत्या. तेवढ्यात इन्स्पेक्टर आणि हवालदार फळीपुढे येऊन उभे राहिले. इन्स्पेक्टर ओळखीचे होते; त्यांचे घरचे कपडे आमच्याकडेच येत.

हवालदाराने कागदाचे पुडके सोडले. आत एक सदरा होता. खिसा फाटलेला, खांद्यावर रक्ताचे डाग.

“काल दगडफेकीत ह्या हवालदारांनी एकाला पाठीमागून धरला,” इन्स्पेक्टर म्हणाले. “सदरा हातात राहिला आणि माणूस उघडाच पळाला. वहिनी, कॉलर बघा. अशी खूण गिरगावात एकच बाई घालते.”

कॉलरवर लाल पतंग होता.

मी पतंग ओळखला. आबांनीही ओळखला; त्यांनी इस्त्री उचलून बाजूला ठेवली, ती कधी नव्हे ती आवाज करून. मनोहर त्या क्षणी समोरच्या चाळीत, आमच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर, डोक्याला फडके बांधून पडला होता. हेही आम्हा तिघांना ठाऊक होते, कारण ते फडके आईनेच पाठवले होते. नाव सांगितले असते तर मास्तरकी त्याच दिवशी गेली असती.

आईने सदरा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

“ही तर आमच्या मालकांची खूण.”

इन्स्पेक्टरांनी आबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. “ह्यांची खूण पतंग?”

“लग्न झालं तेव्हा तसेच होते.”

वकील हसले. इन्स्पेक्टर हसले नाहीत. “आबा, जरा घालून दाखवा.”

आबांनी अंगातला सदरा काढला. तो दुसरा घालायला घेतला. एक हात कोपरापर्यंत गेला व तेथे अडकला. दुसऱ्या हाताचा प्रश्नच आला नाही. तशा अवस्थेत ते फळीमागे उभे राहिले, एक पंख अडकलेल्या मोठ्या पक्ष्यासारखे.

“वहिनी, हा ह्यांचा सदरा?”

“आटला,” आई म्हणाली.

इन्स्पेक्टर दोन पावले मागे गेले आणि मान वर करून त्यांनी पाटी वाचली. मोठ्याने वाचली.

“पाटी रंगवणारा काय वाटेल ते रंगवतो,” आई म्हणाली. तिचा आवाज चढला होता, आणि आवाज चढला की तिची मालवणी बाहेर येई. “आटतत! आमच्याकडचे कपडे आटतत! हो सदरो आटलो, म्हणान बोहारणीक दिलो, एका पातेल्यावर. तिना खंय इकलो, कोणी घेतलो, माका काय ठावक?”

पैठणीवाल्या बाईंनी पैठणी हळूच फळीवरून आपल्याकडे ओढली. आईने ते पाहिले.

इन्स्पेक्टर आता आबांकडे वळले. ते हुशार होते. “वहिनींचं राहू दे. आबा, माझ्या कोटाचं एक बटण हरवलं, तर ते सांगायला तुम्ही चौकीवर आला होतात. तुम्ही सांगा. हा सदरा आटला?”

मी आबांना बोलताना अडखळलेले कधी पाहिले नव्हते, कारण ते फार बोलतच नसत. अडकलेला हात तसाच होता. त्यांनी पाटीकडे पाहिले नाही, आईकडे पाहिले नाही. समोरच्या चाळीकडेही पाहिले नाही, हे विशेष.

“आटला,” ते म्हणाले. आणि कोणी विचारले नसताना पुढे म्हणाले, “माझ्या हातानं आटला. पाणी कढत होतं.”

इन्स्पेक्टरांनी वकिलांकडे पाहिले. वकील गंभीर झाले होते. “साहेब, ह्या गृहस्थांनी माझा कोट जाळला, तेव्हा मला कळायच्या आत ते माझ्या पाटासमोर उभे होते. ह्यांना खोटं बोलता येत नाही. आटला म्हणतात म्हणजे आटलाच.”

इन्स्पेक्टरांनी सदरा आबांच्या हातातून सोडवला, त्याचे पुडके बांधले आणि निघून गेले. ते गृहस्थही मराठीच होते. त्यांना काय कळले आणि काय कळून घ्यायचे नव्हते, हे मला आजही सांगता येणार नाही.

ते गेल्यावर वकिलांनी घसा खाकरला. “आबा, तुमच्या खरेपणाबद्दल मला आदर आहे. पण माझे गरम सूट तेवढे परत द्या. न धुता असले तरी चालतील.”

आईने स्वतःच्या हाताने सूट कागदात बांधून दिले. बाई केव्हाच गेल्या होत्या.

दुकान रिकामे झाले तशी आई आबांवर तुटून पडली. मला वाटले, गिऱ्हाइके गेली म्हणून. तसे नव्हते.

“तुमच्या हातान कित्याक म्हटल्यात? पाण्यात हात घालतंय मी. आटलो तर तो माझ्याच हातान आटतलो!”

“चौकीत न्यायची वेळ आली असती, तर ज्याच्या हातानं आटला त्याला नेलं असतं,” आबा म्हणाले आणि त्यांनी इस्त्रीत नवे कोळसे घातले. आई आत गेली. थोड्या वेळाने चहा आला. त्या विषयावर त्यांच्यात याहून अधिक बोलणे झालेले मी ऐकले नाही.

बातमीला पाय फुटायला वेळ लागला नाही. वॉशिंग कंपनीत सदरा इतका आटतो की मालकाच्या कोपरावर अडकतो, हे ठाकूरद्वारापासून चर्नी रोडपर्यंत पोचले. रेशीम गेले, लोकर गेली. सुती कपडे राहिले, कारण ते मुळात घाटावर जात. आणि आबांनी एक शिडी आणून, रंगाचा डबा घेऊन, पाटीची खालची ओळ स्वतः पुसून टाकली. आई खाली उभी राहून भांडत होती.

“अहो, ती ओळ खरी आहे!”

“आता नाही. पोलिसाला सांगितलं आटतो, आणि पाटी म्हणते आटत नाही. एका दुकानाला दोन तोंडं नकोत.”

खोटे बोलले, पण त्या खोट्याशी ते खरेपणाने वागले. असे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

मोरी कोरडी पडली. आई फळीवर बसून पायजमे मोजी. आबांचा सोवळ्याचा एक मुकटा होता. तो वर्षातून दोनदा नेसला जाई. तो तिने त्या काळात कितीदा धुतला असेल याची गणती नाही. स्वच्छ मुकटा काढायचा, रिठे भिजवायचे, कोपर बुडवायचे. आबा पाहत आणि इस्त्री फिरवत राहत.

यथावकाश मुंबईसह महाराष्ट्र झाला. गिरगावात दिवे लागले, तुताऱ्या वाजल्या, अनोळखी माणसे एकमेकांना पेढे भरवू लागली. मनोहरची नोकरी कायम झालेली होती. तो पेढ्यांचा पुडा घेऊन आला आणि म्हणाला, “आबा, आज चौकात सभा आहे. मी उभा राहून सगळं सांगणार. सदरा माझा होता, आटला नव्हता. आता कोण मला धरतं?”

“नाही सांगायचं,” आबा म्हणाले.

“पण का?”

“जन्मात एकदा खोटं बोललो. तेवढं तरी धड बोलू दे.”

आतून आईचा आवाज आला. “आणि मी? मी काय मरेपर्यंत पायजमेच मोजू?”

आबांनी हातातला पेढा तसाच फळीवर ठेवला. मनोहर एकदा आतल्या दाराकडे, एकदा आबांकडे पाहून निघून गेला. सभेत तो काही बोलला नाही.

काही महिन्यांनी त्याचे लग्न झाले. लग्नाला आम्ही सगळे होतो. पंगतीत कोणीतरी मठ्ठ्याचे भांडे लवंडले आणि नव्या नवरीच्या शालूवर तो सांडला. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी, दुधाच्या रांगेत आणि नळावर गल्ली भरलेली असताना, मनोहर तो शालू दोन्ही हातांवर आडवा घेऊन, मिरवणुकीतून चालावे तसा, समोरच्या चाळीतून निघाला. अर्ध्या रस्त्यात त्याला बायकांनी अडवले.

“मास्तर, डोकं ठिकाणावर आहे ना? तिथे देताय? अहो, भर पोलिसांसमोर सदरा आटला होता तिथे!”

“ठाऊक आहे,” मनोहर म्हणाला. “ऐकलंय मी.”

“आणि हा आटला तर?”

“आटला तर बहिणींना परकर-पोलकी होतील. त्यांनाही लग्नात नवं काही घेतलं नाही.”

त्याने शालू फळीवर ठेवला. आबांना मालक कोण ते विचारले नाही. सरळ आत हाक मारली. आई बाहेर आली. तिने शालूचा पदर चिमटीत धरला, उजेडाकडे केला, डाग पाहिला, जर पाहिली. मग म्हणाली, “मठ्ठा कोणी केला होता? हिंग फार आहे.” आणि शालू घेऊन आत गेली.

पुढे पुष्कळ वर्षांनी आबा गेले, त्यांच्यामागून आई गेली. त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. दुकानही आता नाही. पण त्या दोघांचे नाव निघाले की मला त्या रविवारचा बोळ दिसतो.

ओला शालू पिळायचा नसतो, उन्हात टाकायचा नसतो, दोरीवर वाळत घातला तर जरीवर वळ उठतो. तो सावलीत दोघांनी धरून वाळवायचा असतो. बोळाच्या एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला आबा; मध्ये तो एवढा लांब, जांभळा, थेंब गाळणारा शालू. वरच्या तिन्ही मजल्यांच्या कठड्यांवर बायका वाकून उभ्या. आबांना तिरके उभे राहावे लागत होते, कारण बोळ त्यांच्या मापाचा नव्हता.

“ताणू नका.”

“ताणत नाही. तूच सैल सोडतेस.”

“मला शिकवता? हात वर घ्या. वर. खाली जमिनीला लागेल.”

“लागत नाही.”

“आता लागला असता.”

असे बराच वेळ चालले. कोणाचेही टोक हलले नाही. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची एक बाई काखेत कागदाची घडी घेऊन जिना उतरून खाली आली आणि बोळाच्या तोंडाशी घुटमळत उभी राहिली. कागदाच्या कोपऱ्यातून हिरवे रेशीम दिसत होते.

आईने तिच्याकडे मान वळवली नाही. तिची नजर जरीवर होती.

“ठेवा तिथं फळीवर,” ती म्हणाली. “आत्ता आमचे हात मोकळे नाहीत.”